मधली पानं

दि. ४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, पण या खेपेला खापर पोस्टावर फोडत नाही. मला नोकरी लागली. तीही कुठे, तर ज्या वाचनालयाची पुस्तकं आजोबा जन्मभर घरी आणून बांधत होते, तिथेच. आईचं सगळ्या शेजारापाजाराला सांगून झालं आहे. बाबांनी फक्त वाचनालयाचा मीटर शेवटचा कधी बदलला एवढंच विचारलं. लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासण्यात उभा जन्म गेला की माणूस मुलीच्या नोकरीकडेही मीटरच्या बाजूने बघतो.

माझं काम म्हणजे परत आलेली पुस्तकं चाळून जागेवर लावायची. पुस्तकात लोक काय काय विसरतात ते सांगितलं तर तुला खरं वाटणार नाही. काल एका जाडजूड इतिहासात चष्म्याची काडी निघाली. वाचणाऱ्याने पुढचा इतिहास कसा वाचला कोण जाणे.

मागच्या खोलीत खिडकीशी एक बाई दिवसभर उसवलेली पुस्तकं शिवत बसतात. त्यांना सगळे शिवणबाई म्हणतात. मी आजोबांची नात आहे म्हटल्यावर त्यांनी मला कपाटाशी नेलं आणि यातली आजोबांनी बांधलेली कुठली ते ओळख म्हणाल्या. मला एकही ओळखता आलं नाही. त्यांनी नुसता पाठींवरून हात फिरवत चार-पाच बाहेर काढली. आजोबा पुस्तकाची पाठ थोडी जास्तच गोल करायचे म्हणे, म्हणजे ते हातात मऊ बसतं. मी ती पुस्तकं उगाचच थोडा वेळ धरून उभी राहिले.

आता मुद्द्याचं. आमच्या दाराशी एक फळा आहे. कुठल्या पुस्तकाने आपली जगाकडे बघायची नजर बदलली, ते वाचकांनी दोन ओळींत लिहायचं, अशी ग्रंथपालबाईंची कल्पना. फळा आठवडाभर कोराच आहे. सुरुवात घरापासून करावी म्हणून बाबांना विचारलं, तर म्हणाले की कादंबऱ्या वाचणारी माणसं फसवायला सोपी होतात, आणि पुरावा म्हणून तुझं नाव घेतलं. चोर आला तर तू आधी त्याला चहा विचारशील असं त्यांचं म्हणणं. मला खरंच कुतूहल आहे, आत्या. तुम्ही दोघं एकाच खोलीत, पुस्तकं चिकटवायच्या त्याच सरसाच्या वासात वाढलात. मग बाबांना सगळं जग मीटर मागे फिरवणारं का दिसतं आणि तुला सगळं जग भलं का दिसतं? तू कुठलं पुस्तक वाचलंस आणि बाबांनी कुठलं वाचलं नाही?

लवकर लिही, फळा वाट बघतो आहे. तुझा माझ्यावर लोभ आहे हे माहीत आहे, त्यात आणखी भर घालायला जागा असेल तर घाल.

तुझी,
वाळवी


दि. १२ जून

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी बातमी वाचून वॉर्डातच इतकी मोठ्याने हसले की दोन पेशंट जागे झाले. मांजराला दुधाची राखण दिली म्हणायची. पुस्तकं खा, पण त्या शिवणबाईंना जास्तीचं काम पडेल इतकी नको. आणि बाबाला सांग, चोराला चहा विचारला तर तो निदान कपबशी ठेवून जाईल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी तयार आहे. एकच पुस्तक. एका दीपगृहाच्या राखणदाराची ती जुनी कादंबरी. एका रात्री त्याचा डोळा लागतो, दिवा विझतो आणि एक होडी खडकावर फुटते. माणसं जातात. पुढचं सगळं पुस्तक गाव त्याचं काय करणार याबद्दल आहे. आमच्याकडे बांधायला आलेल्या पुस्तकांची शेवटची पानं बहुतेकदा गळालेलीच असत. त्या प्रतीचीही होती. मग शेवट अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी सांगितला. सकाळी गावातली माणसं दीपगृहाच्या पायऱ्या चढून येतात. राखणदाराला वाटतं, आता आपल्याला खाली ढकलणार. पण त्यांतली सगळ्यात म्हातारी बाई दिवा पुन्हा त्याच्याच हातात देते आणि सांगते की आजपासून तुझ्याइतकं जागं दुसरं कोणी राहणार नाही.

तुझ्या बाबाच्या डाव्या हाताची दोन पेरं कशी गेली ते तुला माहीत आहे. अण्णांच्या कागद कापायच्या मशीनवर तो गठ्ठा धरत असे आणि मी पात्याचा दांडा ओढत असे. मी अकराची होते, तो सात वर्षांचा. त्या दिवशी माझ्या एका हातात दांडा होता आणि दुसऱ्या हातात पुस्तक. ते पुस्तक हेच. त्यानंतर आठवड्याभराने अण्णांनी मला हा शेवट सांगितला. पुढे मी नर्स झाले, आज मेट्रन आहे, आणि माझ्या हाताखालच्या कुठल्याही मुलीची चूक झाली की मला ती म्हातारी बाई आठवते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं चुकलेलं माणूस पुढे सगळ्यांत सावध असतं, या एका गोष्टीवर मी हे हॉस्पिटल इतकी वर्षं सांभाळलं.

सध्या तीच वेळ आली आहे. आमच्या एका तरुण सिस्टरने शेजारच्या कॉटचं इंजेक्शन भलत्याच पेशंटला दिलं. खिडकीजवळ एक निवृत्त बसकंडक्टर आहेत, त्यांना. काही दिवस ते फार अत्यवस्थ होते. आता धोक्याबाहेर आहेत. मुलीला ठेवायचं की काढायचं ते ठरवायला तिघांची समिती नेमली आहे. मोठे डॉक्टर काढा म्हणतात. व्यवस्थापक वारा येईल तशी पाठ देणारे. तिसरी मी. या मुलीला असं काढलं तर तिला दुसरं कुठलंही हॉस्पिटल दारात उभं करणार नाही. दहा जुलैला बैठक आहे. तिथे मला त्या कादंबरीचा शेवट वाचून दाखवायचा आहे. अण्णांनी तोंडी सांगितला होता, मला छापील शब्द हवेत. तुझ्या वाचनालयात असेल. शोध आणि शेवटचं पान जसंच्या तसं उतरवून पाठव.

आईला आठवण सांग. मायेची उधारी ठेवत नाही, पत्रागणिक पोचती करत असते.

तुझी,
आत्या


दि. २२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तक सापडलं, आणि आता हे पत्र शांतपणे कसं लिहू ते मला कळत नाही.

आमच्याकडे एकच प्रत आहे आणि ती आजोबांनीच बांधलेली आहे. पाठ चांगली गोल. मी शेवट उघडला तर राखणदार पायऱ्यांवर बसला आहे, खालून माणसांचा आवाज येतो आहे आणि पुस्तक संपतं. तू म्हणाली होतीस तशी पानं गळाली असतील असं धरून मी ती शिवणबाईंकडे नेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या की यातलं काही गळालेलं नाही. सोळा पानांचा एक फर्मा असतो, असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात. पानं गळाली तर दोरा सैल पडतो, कडेला फाटल्याच्या खुणा राहतात. इथे तसं काही नव्हतं. शेवटचा फर्मा आधी काढला आणि मग पुस्तक शिवलं, तेही मुद्दाम नीट, असं त्यांनी सांगितलं. आजोबांच्या हातून विसर पडणं शक्य नाही, हेही वर सांगितलं.

मग मला चैन पडेना. मी कॉलेजच्या वाचनालयातून दुसरी प्रत मागवली. ती पूर्ण आहे. आत्या, त्यात म्हातारी बाई नाहीच. गाव राखणदाराला हाकलून देतं. दीपगृहाला दुसरा माणूस नेमतात. हा चालत चालत जिथे समुद्राचं नावही कोणी काढत नाही अशा गावी जातो आणि एका परक्याच्या गोठ्यात राहतो. शेवटची ओळ अशी आहे की घरात कोणी दिवा लावला की तो उठून बाहेर अंधारात जाऊन बसतो. सगळं पान उतरवून सोबत जोडलं आहे.

म्हणजे तुझा शेवट आजोबांनी स्वतः रचला. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवणाऱ्या माणसाने एकदा एक शेवट लिहिला आणि तो फक्त तुलाच माहीत. मला तर दोन दिवस दुसरं काही सुचत नाही. त्यांनी तो फर्मा का काढला असेल? आणखी किती पुस्तकांतून काढला असेल? मी आता आजोबांच्या प्रत्येक पुस्तकाचा शेवट तपासते आहे. आतापर्यंत बाकी सगळी धड निघाली. बाबांना अजून बोलले नाही, ते म्हणतील बघ, मीटर आपल्याच घरात फिरवलेला निघाला.

उत्तर उलट टपाली पाठव. लोभाची मोजदाद तुझ्याकडे असू दे, मला ती कधीच जमली नाही.

तुझी,
वाळवी


दि. २८ जून

चि. मुलीस,
आशीर्वाद.

तू उतरवलेलं पान मिळालं. अक्षर छान आहे.

मी ते ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून वाचलं. अण्णांनी तो फर्मा का काढला असं तू विचारतेस. त्याचं उत्तर तुला कळलं नाही, मला लगेच कळलं. मी तो शेवट वाचू नये म्हणून. दीपगृहाच्या राखणदारात मी मला बघते आहे हे त्यांनी ओळखलं होतं. खरा शेवट मला झेपणार नाही असं त्यांना वाटलं आणि त्यांनी मला खोटा दिला. मी तो प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला.

अण्णांवर मी रागावलेली नाही. माझ्यावर आहे. आजवर किती मुलींच्या बाजूने मी उभी राहिले, त्या प्रत्येक वेळी मला वाटायचं की एका थोर पुस्तकातलं शहाणपण माझ्या पाठीशी आहे. ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. एका बापाने रडणाऱ्या पोरीला जेवायला लावण्यासाठी सांगितलेलं ते होतं. मग मी त्या मुलींना क्षमा करत होते की दर वेळी स्वतःलाच करून घेत होते? ज्याने ते पुस्तक खरोखर लिहिलं त्याने जग पाहिलं असेल. त्याला गाव हाकलून देताना दिसलं. कदाचित गाव तसंच असायला हवं. होडी फुटली तर कोणीतरी त्याचा जाब द्यायलाच हवा.

दहा तारखेला माझं मत धरू नका असं मी समितीला कळवणार आहे. ज्या न्यायाधीशाचा कायदाच बनावट निघाला त्याने खुर्चीवरून उठावं हे बरं. डॉक्टरांचं म्हणणं चालेल आणि ती मुलगी जाईल. सध्या तिला चादरी घड्या करायच्या खोलीत बसवलं आहे. कंडक्टरांच्या वॉर्डावरून जावं लागू नये म्हणून ती मागच्या जिन्याने येते-जाते.

तुझा यात काही दोष नाही. तुला मीच शोधायला सांगितलं होतं. फळ्यावर माझं नाव मात्र लिहू नकोस.

माया आहे, ती कशाने कमी होत नाही.

आत्या


दि. १ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं आई मला नेहमी म्हणते. या वेळी जिभेऐवजी पेन उचललं एवढाच फरक. ते पान तुला असं धाडकन पाठवायला नको होतं. मला कोडं सुटल्याचा आनंद झाला होता आणि कोड्यात तू आहेस हे लक्षातच राहिलं नाही. वाचणारी माणसं शहाणी होतात हे मी फळ्यासाठी लिहून ठेवलं होतं, ते खोडून टाकलं.

तुझं पत्र न राहवून बाबांना वाचायला दिलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, जेवणावरून अर्धपोटी उठले आणि माझ्याकडे कोरे कागद मागितले. आत्या, बाबांनी पत्र लिहायला कागद मागितलेला मी आजवर पाहिला नाही. दार लावून बसले आहेत. तू काही ठरवू नकोस, त्यांचं पत्र येईपर्यंत थांब, एवढंच मागते.

तुझी,
वाळवी


दि. ३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाकिटावर बघून घाबरू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत. मला आकडे लिहायची सवय, वाक्यं जमत नाहीत, तेव्हा सांभाळून घे.

पोरीने तुझं पत्र दाखवलं. अण्णांनी फर्मा काढला तेव्हा मी तिथेच होतो. मशीनच्या खोलीतच माझी खाट टाकली होती आणि मी पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून पडलो होतो. तू जेवत नव्हतीस. दारापलीकडे कोपऱ्यात ते पुस्तक घेऊन बसायचीस आणि शेवटाकडे चालली होतीस. अण्णांनी शिवण उसवली आहे असं सांगून ते तुझ्या हातातून घेतलं. शिवण चांगली होती, ती त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत उसवली. शेवटचा फर्मा खिडकीशी नेऊन वाचला. मग सरसाच्या भांड्याखाली शेगडी होती तिच्यात घातला आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. पुस्तक परत शिवलं, संध्याकाळी तुला शेवट सांगितला. त्या दिवशी तू जेवलीस. अण्णांनी खोटं सांगितलं का, तर हो. वाचनालयाचं पुस्तक बिघडवलं का, तर तेही हो. मी मीटरमध्ये तार घालणाऱ्यांना पकडतो त्याहून हे वेगळं नाही. तरी मी त्यांना पकडून दिलं नाही, कारण मलाही तू जेवायला हवी होतीस.

मी कादंबऱ्या वाचत नाही हे खरं आहे. पण ट्रेनिंगला गेलो होतो त्या गावी मला तेच पुस्तक तिथल्या वाचनालयाच्या कपाटात दिसलं होतं. शेवटची सोळा पानं उभ्या उभ्या वाचली. आधी मला राग आला. मग दोन्ही शेवट शेजारी ठेवून बघितले, जसा मागच्या आणि या महिन्याचा आकडा बघतो तसे. छापलेल्या शेवटात गाव ठरवतं. अण्णांच्या शेवटातही गावच ठरवतं. त्या सोळा पानांत एक ओळ आहे, पोरीने तुला उतरवून दिलेल्या पानावर ती नाही. होडीतली दोन माणसं पोहून काठाला लागली, असं लिहिलं आहे. ती दोघं पुढे कुठे गेली? लेखकाने त्यांना काठावर सोडून दिलं. अण्णांनी तर त्यांना घेतलंच नाही. राखणदाराचं काय करावं हे त्यांना कोणी विचारत नाही.

ताई, मी त्या दोघांतला एक आहे. आपल्या घरात सगळ्यांनी तुझा विचार केला, आणि तो करायलाच हवा होता. अण्णा तुला समजावत राहिले, तू स्वतःला कोसत राहिलीस, आणि माझ्या बोटांचा विषय निघाला की प्रत्येकाला पाणी प्यायला उठायचं असायचं. ज्याचं जळतं त्याला कळतं असं आपण म्हणतो. पण मग त्याला विचारायला कोणी जात नाही. मला जग लबाड वाटतं असं पोरीला वाटतं. तसं काही नाही. विचारायचं टाळलं की भली माणसंसुद्धा आपल्या सोयीचा आकडा लावून मोकळी होतात, एवढंच मी घरोघर फिरून शिकलो.

तुझ्या पत्रांत डॉक्टर आहेत, व्यवस्थापक आहेत, ती मुलगी आहे, अण्णा आहेत आणि तू तर सगळीकडे आहेस. खिडकीजवळचा कंडक्टर दोन ओळींत आटपला आहे. तुझा शेवट खरा की लेखकाचा, हे नंतर ठरव. खुर्ची सोडण्याआधी एकदा त्याच्या खाटेशी जाऊन बस आणि विचार.

जास्त लिहिलं. कमीजास्त असेल तर दुरुस्त करून वाच. लोभ जुना आहे, चालू आहे.

तुझा,
बाळ


दि. १३ जुलै

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पदराला बांधून ठेवावं असं आहे, पण युनिफॉर्मला पदर नसतो, म्हणून खिशात ठेवलं आणि कंडक्टरांकडे गेले.

तिथे गेल्यावर मला कळलं की त्यांना काही सांगितलेलंच नाही. औषध उलटलं एवढंच त्यांच्या कानावर घातलं होतं. आम्ही सगळे समिती समिती करत होतो आणि ज्याच्यासाठी समिती तो माणूस आपलं वय झालं म्हणून औषध सोसलं नाही, अशा समजुतीत पडून होता. मी स्टूल ओढून बसले आणि काय झालं, कोणाच्या हातून झालं ते सरळ सांगितलं. ते फार चिडले. मोठ्याने नाही. भिंतीकडे तोंड करून निजले, जेवणाचं ताट परत गेलं. मला वाटलं, तुझा सल्ला ऐकून मी हात दाखवून अवलक्षण केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावलं. ती मुलगी का येत नाही असं विचारलं. ती रोज सकाळी त्यांच्याशी भांडत भांडत त्यांचं शब्दकोडं सोडवत असे. त्यांनी एकदा चहा गार आहे म्हणून तक्रार केली होती, म्हणून ती रुसली असं ते आदल्या दिवसापर्यंत धरून चालले होते. मी चादरींच्या खोलीत जाऊन तिला सांगितलं. ती जिन्यावर दोनदा थांबली, पण आली, आणि या वेळी पुढच्या जिन्याने आली. मी दाराबाहेर उभी राहिले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा रडून सुजला होता आणि कंडक्टर खिडकीबाहेर बघत होते.

बैठकीत मी अण्णांचा शेवट वाचला नाही, लेखकाचाही नाही. कंडक्टरांनी जे सांगायला सांगितलं होतं ते सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की तिच्या हातचं इंजेक्शन मी घेणार नाही, ती सुई घेऊन जवळ आली तर अंगाला कापरं भरेल. पण तिला काढू नका, आणि सकाळी शब्दकोड्याला पाठवत जा. डॉक्टरांचं मत तरीही बदललं नाही. व्यवस्थापक माझ्या बाजूला आले. ती राहिली. सहा महिने दुसऱ्या सिस्टरच्या देखरेखीखाली काम करील. हा शेवट अण्णांच्या शेवटाइतका गोड नाही. त्यात कापरं आहे. पण तो मला कोणी सांगितलेला नाही, मी समोर बसून ऐकलेला आहे.

बाळ, मी परक्या माणसाच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि माझ्या भावाच्या खाटेशी कधी बसले नाही. त्या खोलीतून मी तेव्हा जी उठले ती पुढे लांबूनच तुझी विचारपूस करत राहिले. पत्रातून, पार्सलातून, तुझ्या मुलीला पुस्तकं पाठवून. क्षमा मागायला मी इतकी भीत होते की तुला काही हवं आहे का हेही विचारलं नाही. ते आता विचारते. फार उशीर झाला असेल तर तसं सांग. तुला काय हवं होतं रे?

उत्तर दोन ओळींचं असलं तरी चालेल. माया कधीच खंडित झालेली नाही, फक्त मीटर तपासायला मी आले नव्हते.

तुझी,
ताई


दि. १९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मुलगी राहिली हे बरं झालं. डॉक्टरांचाही राग धरू नकोस, असा एक माणूस प्रत्येक ठिकाणी लागतो. आमच्या ऑफिसात तो मी आहे.

पोरीने फळ्यावर त्या कादंबरीबद्दल लिहिलं. तुझं नाव घातलं नाही, पण दोन्ही शेवट लिहिले आणि पोहून आलेल्या दोघांचं काय झालं ते वाचकांनी सांगावं असं खाली घातलं. फळा आता भरून गेला आहे, लोक भिंतीला कागद चिकटवत आहेत. शिवणबाई कॉलेजच्या प्रतीवरून शेवटच्या सोळा पानांची नक्कल करून आपल्या वाचनालयाच्या प्रतीत शिवणार आहेत. मी हो म्हटलं. अण्णांनी काढलं ते तुझ्यापुरतं होतं, गावाचं पुस्तक पुरं असायला हवं.

आता तू विचारलंस त्याबद्दल. उशीर झालेला नाही. मला वाटलं होतं तू विचारशील तेव्हा मी खूप काही सांगेन, पण लिहायला बसलो तर एकच गोष्ट निघाली. तू त्या दिवशी पुस्तक एकटी वाचत नव्हतीस. तू मला वाचून दाखवत होतीस. रोज दाखवायचीस. हात बरा होत होता तेव्हा मी खाटेवर पडून वाट बघायचो की आता ताई येईल आणि पुढचं वाचील. बोटं दुखायची, पण रडू यायचं ते त्याचं नाही. तू त्यानंतर मला एकही ओळ वाचून दाखवली नाहीस. आणि दुसऱ्याच्या आवाजात मला ते गोड लागेना, म्हणून ती सोळा पानं सोडली तर मी पुस्तकाला हातच लावला नाही. सुरुवात मला तुझ्या तोंडून माहीत आहे. शेवट तर दोन-दोन माहीत आहेत. मधली पानं तेवढी राहिली आहेत.

पोरीने पूर्ण प्रतीची मुदत वाढवून घेतली आहे. सुट्टी मिळेल तेव्हा ये. खुर्ची खिडकीशी ठेवतो, उजेड चांगला येतो. राखणदार दिव्याची काच पुसतो आणि फडकं खांद्यावर टाकतो, तिथपर्यंत आपण आलो होतो. फडकं अजून त्याच्या खांद्यावरच आहे.

तुझा,
बाळ